दुसरीची बॅग

आमच्या घरात स्वतःची बॅग स्वतः भरायची नाही, असा एक नियम होता. सगळ्यांना नव्हता, आई आणि मावशीपुरता होता. दर उन्हाळ्यात दोघी बहिणी आपापल्या नवऱ्यांना घरी ठेवून आठवडाभर कुठेतरी जायच्या. आईची बॅग मावशी भरायची, मावशीची आई. बॅगेला बारकं कुलूप, किल्ली भरणारीकडे. मुक्कामाला पोचेपर्यंत बॅग उघडायची नाही, आणि पोचल्यावर जे निघेल ते नाक न मुरडता घालायचं.

हा नियम त्यांच्या पहिल्या सहलीनंतर निघाला. त्या वेळी दोघींनी आपापल्या बॅगा भरल्या होत्या. आईने रेशमी झगा आणि उंच टाचांचे बूट नेले, आणि राहायची खोली निघाली शेळ्यांच्या गोठ्याशेजारी. मावशीने भर उन्हाळ्यात स्वेटर नेले, कारण "काय सांगावं". परतीच्या वाटेवर आई म्हणाली की स्वतःची बॅग भरताना बाई आपल्याला जी व्हायचं असतं तिची बॅग भरते, आणि ती बाई काही सहलीला येत नाही. त्यावर मावशी म्हणाली, "मग यापुढे तुझी मी भरते. तू कोण आहेस ते मला चांगलं माहीत आहे."

आई या हिवाळ्यात गेली. उन्हाळ्याची तिकिटं तिने आधीच काढून ठेवली होती. तिला सगळं आधी लागायचं. एक छोटं बेट, आणि तिथे जाणारी त्याहून छोटी बोट.

आई गेल्यापासून मावशी घराबाहेर पडली नव्हती. फाटकापर्यंत यायची, दुधाची पिशवी उचलायची आणि आत जायची. अंगात तोच एक विटलेला गाऊन. फोनवर बोलायची ती दुसऱ्याच खोलीतून बोलल्यासारखी. एक गेली होती, आणि दुसरी घरातल्या घरात नाहीशी व्हायला लागली होती. मला तिला त्या बोटीत बसवायचं होतं. पुढचं पुढे.

"आईच्या जागी मी येते," मी फोनवर म्हटलं.

"तुला ऊन सोसत नाही."

"टोपी घालीन."

"माझे गुडघे."

"बेट सपाट आहे. मी नकाशा पाहिलाय."

"नकाशात सगळंच सपाट असतं. आणि ह्यांचं काय? ह्यांना मीठ सापडत नाही."

मागून काकांचा आवाज आला, "सापडतं! खिडकीशेजारी, निळ्या झाकणाचं!"

"तो सोडा आहे," मावशी म्हणाली. मग मला म्हणाली, "नियम पाळणार असशील तर येते. तुझी बॅग मी भरणार, माझी तू."

मी हो म्हटलं. तिने बोटीचा तळ मला शिवायला सांगितला असता तरी मी हो म्हटलं असतं.

कुठल्याही संकटात मी आधी वाचते. स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही. त्या आठवड्यात उन्हाळी प्रवासाच्या कपड्यांवर मी जेवढं वाचलं, तेवढं काही लोक लग्नाआधी लग्नावर वाचत नाहीत. कपडे कमी हवेत, पण प्रत्येक कपडा दुसऱ्या प्रत्येकाबरोबर शोभायला हवा. रात्री धुतला की सकाळी वाळायला हवा. चुरगळला तरी मुळातच चुरगळलेला वाटायला हवा, म्हणजे इस्त्रीचा प्रश्न मिटतो. घडी न घालता गुंडाळी करावी. हे सगळं मला तोंडपाठ झालं, आणि बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट समजतंय असं वाटलं.

कपड्यांच्या दुकानात आम्ही दोघी एकत्र गेलो. मावशी गाऊनवर कोट चढवून आली होती, पण आली होती. रिक्षातून उतरताना तिने उन्हाकडे असं पाहिलं, की जणू ते तिला न विचारता आत शिरलंय.

दुकान लांबट होतं, दोन्ही बाजूंना कपड्यांच्या रांगा आणि शेवटी आरशांच्या खोल्या. विक्रेती बाई गोल चेहऱ्याची, गळ्यात मोजपट्टी.

"या काकू, या ताई. कोणासाठी बघायचंय?"

"तिच्यासाठी," आम्ही दोघी एकदम म्हणालो आणि एकमेकींकडे बोट दाखवलं.

"बरं. मग काकू, तुम्ही आधी ट्रायल घ्या..."

"मी कशाला घेऊ? मला काय घेतलंय ते मला दिसता कामा नये."

"मग ताई घेतील."

"तिलाही दिसता कामा नये. तिचं मी घेतेय."

विक्रेतीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. "म्हणजे दोघी एकमेकींना घेणार, आणि कोणीच घालून बघणार नाही."

"बरोबर," मावशी म्हणाली. "तुम्हाला पटकन समजलं. हिच्या नवऱ्याला दोनदा सांगावं लागलं."

त्यानंतर दुकानाचे दोन भाग झाले. डावीकडे मी, उजवीकडे मावशी, मध्ये उघड्यावर विक्रेती. एकीने काही निवडलं की विक्रेती ते पाठीमागे लपवून, दुसरीकडे तोंड करून, आडव्या चालीने गल्ल्यापर्यंत न्यायची. थोड्या वेळात ती त्यात इतकी रमली, की तिसऱ्याच एका गिऱ्हाइकाला तिने "इकडे बघू नका" म्हणून दटावलं.

मी माझ्या वाचनाला जागून निवडत गेले. सैल सुती पँट, वर लांब बाह्यांचा पातळ शर्ट, पटकन वाळणारा झगा. सगळं सगळ्यांबरोबर शोभायला हवं, म्हणून सगळं एकाच रंगातलं. मावशी बारीक, बुटकी, खांद्यांनी अरुंद. तिचं माप मला पाहायचीही गरज नव्हती, कारण मी अंगाने तिच्यावरच गेलेय. आई तेवढी आमच्यात उंच आणि ऐसपैस होती. फोटोत ती मध्ये असायची आणि आम्ही दोघी तिच्या दोन्ही बाजूंना कंसासारख्या.

मी झग्याचं कापड मुठीत चुरगाळून पाहत होते तेव्हा विक्रेती आडव्या चालीने माझ्याकडे आली.

"ताई, मी सांगू नये. पण सांगते."

"सांगू नका."

"काकू तुमच्यासाठी जे घेतायत ना, ते तुम्हाला फार मोठं होईल. मी म्हटलं त्यांना. तर म्हणाल्या, तिचं माप मला शिकवू नका, इतकी वर्षं तिची बॅग मीच भरतेय."

माझ्या हातातलं कापड मुठीतच राहिलं.

"आणि मागे चेन असलेलं काही नको म्हणतात. समोर बटणंच हवीत. कॉलर नको, तिच्या मानेला टोचते. खिसा मोठा हवा, तिचा चष्मा राहिला पाहिजे." तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी चष्मा लावत नाही. "मागे हात पोचत नाही म्हणतात तुमचा. पोचतो ना?"

आईचा पोचायचा नाही. तिच्या उजव्या खांद्याला जुना त्रास होता. लग्नकार्यात कोणीतरी तिची चेन लावून द्यायचं, बहुतेक वेळा मीच.

मी रांगांच्या फटीतून पाहिलं. मावशी एक पिवळा झगा दोन्ही हातांनी वर धरून उभी होती, नजर झग्याच्याही वर, जिथे घालणारीचा चेहरा आला असता तिथे. मान किंचित तिरकी. आणि ती काहीतरी पुटपुटत होती, वाद घालावा तसं. इतक्या महिन्यांत मी तिला इतकं रंगात आलेलं पाहिलं नव्हतं.

सांगितलं, तर ती तो झगा खाली ठेवेल, रिक्षा करून घरी जाईल आणि पुन्हा फाटकापर्यंतच येत राहील. नाही सांगितलं, तर मला आठवडाभर तंबूएवढ्या कपड्यांत राहायला लागेल. बॅग उघडणार बेटावर, आणि बेटावरून परतीची बोट लगेच नव्हती.

"नाही पोचत," मी विक्रेतीला म्हटलं.

"अगं बाई. या वयात? दाखवून घ्या कोणालातरी."

"घेते."

"आणि माप?"

"मावशीला माहीत आहे."

ती मान हलवत गेली. गल्ल्यावर तिने दोन पिशव्या बांधून दिल्या. माझी पिशवी मावशीच्या हातात, मावशीची माझ्या. मावशीच्या हातातली पिशवी चांगलीच फुगलेली होती.

"तुझ्या पिशवीत काय आहे एवढं?" मी विचारलं.

"ते तुला कशाला? तू काय घेतलंस ते मी विचारलं?" आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "पिवळं शोभतं. उगाच नाही म्हणायची."

कोण म्हणायची, ते मी विचारलं नाही.

आता फक्त बोट सुटेपर्यंत बॅगेचं कुलूप टिकायला हवं होतं. मला वाटलं होतं तेवढं ते सोपं निघालं नाही, आणि त्याचं कारण काका.

काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात घालवली, आणि घरातही कुठली गोष्ट नुसती जड किंवा हलकी म्हटली की त्यांना त्रास होतो. बोटवाल्यांनी तिकिटावर छापलं होतं की माणशी एकच बॅग, वजन आठ किलोच्या आत, धक्क्यावर तपासलं जाईल. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मावशीकडे मुक्कामाला गेले, तेव्हा काका दिवाणखान्यात दाराच्या चौकटीला आपला आकड्याचा काटा टांगून, हातात चष्मा घेऊन वाट पाहत उभे होते.

"आणा," ते म्हणाले. "धक्क्यावर शोभा नको."

मावशीसाठी मी भरलेली बॅग त्यांनी आकड्याला लावली. बॅग इतकी हलकी होती की त्यांनी काट्याला टिचकी मारली. "यात काही आहे का?"

"सगळं आहे. गुंडाळून भरलंय."

"उत्तम. पास." मग त्यांनी माझी बॅग, म्हणजे मावशीने भरलेली, उचलली. काटा खाली गेला आणि तिथेच राहिला.

"जास्त आहे."

"काटा बिघडला असेल," मावशी म्हणाली.

हे त्या घरात म्हणायला नको होतं. काकांनी चष्मा लावला. "माझा काटा? अगं, या काट्याने मी सरकारी गोदामाचा काटा खोटा ठरवलाय."

"काका, थोडंसं असेल तर चालेल," मी म्हटलं.

"थोडंसं? तू पण? शिकलेली मुलगी ना तू? थोडंसं म्हणूनच सगळे सुरुवात करतात. उघडा बॅग, एखादा कपडा काढू."

"उघडायची नाही!" मावशी आणि मी एकदम ओरडलो. ती नियमासाठी ओरडली, मी कशासाठी ते मलाच माहीत.

काका बुचकळ्यात पडले. त्यांच्यासमोर दोन नियम उभे होते, आणि त्यांनी आयुष्यात एकही नियम मोडलेला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "किल्ली दे. मी डोळे मिटतो. तुम्ही दोघी पाठ फिरवा. मी हात घालून एक काढतो. कोणीही बघत नाही, आणि वजनही उतरतं."

"काका, माझी पाण्याची बाटली त्यात आहे, तीच काढू या," मी म्हटलं.

"तुला काय माहीत त्यात काय आहे?"

मावशीने किल्ली दिली. आम्ही भिंतीकडे तोंड केलं. मागे चेन सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ खुडबुड, मग काका म्हणाले, "हे चांगलं वजनदार आहे. अरेच्चा! संपतच नाही. हे काय, चादर भरलीस का गं?"

"चादर कशाला भरीन?" म्हणत मावशी वळली.

काकांच्या हातात पिवळा झगा होता. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले होते आणि झगा दोन्ही हातांनी उंच धरला होता, तरी खालचा घेर जमिनीवर लोळत होता. शेजारी मी उभी. मावशीने झग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा झग्याकडे. तिने तो काकांच्या हातून घेतला आणि माझ्या खांद्यांना लावून पाहिला. खांदे दंडांवर आले.

"उघडू का डोळे?" काकांनी विचारलं.

त्यांनी उघडले, आमचे चेहरे पाहिले, आणि काटा चौकटीवरून काढून स्वयंपाकघरात निघून गेले.

"हे तुझं नाही," मावशी म्हणाली.

"नाही."

"दुकानात कळलं होतं तुला?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू घरी गेली असतीस."

ती सोफ्यावर बसली. झगा मांडीवर. हाताने त्याची घडी घालायला लागली, खिसा सपाट केला, बटणं एकावर एक आणली. हात सराईतपणे चालत होते. घडी पूर्ण झाल्यावर तिने ती बाजूला ठेवली.

"मी नाही येत."

"मावशी..."

"तिची बॅग भरून ठेवली मी. वेड लागलंय मला. अशा बाईने बोटीत बसू नये. तू जा. नाहीतर तुझ्या नवऱ्याला ने."

"त्याला बोट लागते."

"मग एकटी जा."

आठवडाभर वाचलेल्यात या जागी म्हणायचं काही नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. स्वयंपाकघरातून काकांनी डबे उघडल्याचे आवाज येत होते. ते बहुधा मीठ शोधत होते.

मग मावशी म्हणाली, "आता नियम मोडलाच आहे. दाखव, माझ्या बॅगेत काय आहे."

मी किल्ली दिली. तिने बॅग उघडली. एक गुंडाळी काढून उलगडली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या काढून सोफ्यावर ओळीने मांडल्या. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी परतायला लागलं.

"हे सगळं राखाडी आहे."

"सगळं सगळ्याबरोबर शोभतं त्यात. आणि लगेच वाळतं."

"शोभेल नाही तर काय! राखाडीबरोबर राखाडी, वर राखाडी. मी काय ढग आहे? आठवडाभर हे घालून फिरले तर लोक छत्र्या उघडतील."

"मळत नाही..."

"आधीच मळल्यासारखं आहे, आणखी काय मळणार? आणि ही पँट. ही तुरुंगात देतात. अहो!" तिने काकांना हाक मारली. "इकडे या, बघा हिने मला काय घेतलंय!"

काका दारात आले. कपड्यांकडे पाहून म्हणाले, "वजनाला मात्र फार चांगले आहेत."

"तुम्ही जा आत." ती माझ्याकडे वळली. गाल लाल झाले होते. "तुझ्या आईने मला एकदाही राखाडी घातलं नाही. माझे केस पांढरे व्हायला लागले तशी ती मला जास्तच भडक घ्यायला लागली. एका वर्षी तर सबंध जांभळं! मी वांग्यासारखी फिरले. भांडले तिच्याशी. म्हटलं, माझ्या वयाला शोभत नाही. म्हणाली, वयाला कोण विचारतंय." ती थांबली. "कपडे निवडायची अक्कल तुला कोणाकडूनच नाही आली. ना तिच्याकडून, ना माझ्याकडून."

"मी वाचून घेतलेत."

"तेच म्हणतेय मी."

तिने राखाडी शर्ट उचलला आणि न विचारता माझ्या खांद्यांना लावला. नीट बसला. पँट लावली. तीही बसली. तिने जरा मागे होऊन पाहिलं.

"हं. घाल तूच. तू सध्या राखाडीच आहेस."

मी खाली पाहिलं. तिने शर्टाची बाही माझ्या मनगटापर्यंत ओढून पाहिली.

"आणि तू काय घालशील?" मी विचारलं.

तिने बाजूची घडी मांडीवर घेतली. उलगडली. उभी राहून झगा गाऊनवरूनच अंगात घातला, समोरची बटणं लावली. खांदे उतरत होते, बाह्या बोटांपर्यंत आल्या, आणि खाली तर ती झग्यात उभी नसून झग्यात पडल्यासारखी दिसत होती. फक्त डोकं तेवढं वर.

"हसू नकोस," ती म्हणाली.

"नाही हसत."

"हवा चांगली खेळते मात्र. तिला हेच लागायचं." तिने खिशात हात घातला, हात कोपरापर्यंत आत गेला. "सुईदोरा आण. कपाटात, वरच्या खणात. खालून टाचून घेऊ. कापायचं नाही, नुसतं दुमडायचं."

मग आम्ही दिव्याखाली बसून टाके घातले, ती पुढून आणि मी मागून. ती माझे टाके उसवत गेली आणि मी पुन्हा घालत गेले. मध्येच काकांनी जेवण आणून ठेवलं. त्यात मीठ नव्हतं, आणि मावशी सोडून कोणीच त्याबद्दल काही बोललं नाही.

सकाळी धक्क्यावर वारा होता. बोटवाल्याने दोन्ही बॅगा तराजूवर ठेवल्या, काकांनी वाकून त्याचा काटा तपासला आणि त्याला सांगितलं की तो किंचित पुढे आहे. बोटवाल्याने हात जोडले. पुढे एक अरुंद फळी होती, धक्क्यावरून बोटीत टाकलेली, खाली हिरवं पाणी हलत होतं.

मी मावशीचा हात धरायला पुढे झाले. येताना सबंध वाटभर मी मनात वाक्यं तयार करत होते: ती फळीपाशी थांबली तर काय म्हणायचं, मागे वळली तर काय. तिने माझा हात झटकला. झग्याचा पुढचा घेर मुठीत गोळा केला, "सरका हो जरा," असं पुढच्या माणसाला म्हणाली आणि फळीवरून टकटक करत पलीकडे गेली. पिवळं कापड वाऱ्याने भरून तिच्यामागे उडत होतं. खिडकीजवळची जागा धरून बसलीसुद्धा.

झालं होतं. एवढंच तर हवं होतं मला. मी फळीवर पाय ठेवायला गेले, आणि पाय उचलेना.

का ते मला सांगता येणार नाही. पलीकडे मावशी होती, तिच्याशेजारी एक रिकामी जागा होती, आणि आईच्या तिकिटाची ती जागा आता माझी होती. इतके दिवस मला करायला काहीतरी होतं: फोन, दुकान, कुलूप. आता काही राहिलं नव्हतं. मागे लोक उभे होते. काका हळूच म्हणाले, "जा बाळ." समोरचं सगळं धूसर झालं, आणि मी तशीच उभी राहिले, राखाडी कपड्यांत, दोन्ही हातांनी बॅग पोटाशी धरून.

"काय गं!" बोटीतून मावशीचा आवाज आला. चांगला खणखणीत, सगळ्या बोटीला ऐकू जाणारा. "मला घरातून ओढून आणलंस आणि आता स्वतः खांबासारखी उभी? लोक खोळंबलेत. चढ!"

मी हलले नाही तसं ती उठली. पुन्हा घेर मुठीत धरला आणि फळीच्या टोकापर्यंत आली. बोटवाला "काकू, बसा, बसा" म्हणत होता, तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. लांबलचक बाही मागे सारून तिने हात पुढे केला.

"माझ्याकडे बघ. पाण्याकडे नको. हं, ये आता."

मी चढले.